रोमन विनोदी नाटकांतले सुविचार: ह्यात हसायचं कुठं?

फळ्यावरच्या बाई

नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते. व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम माझ्याकडे आहे. ‘वेळ अमूल्य आहे’, ‘श्रम हीच पूजा’ हे इतक्यांदा लिहून झालंय की मुलं फळ्याकडे न बघताच पुढं जातात. म्हणून या महिन्यात वेगळं काहीतरी घ्यायचं ठरवलं. प्राचीन रोमच्या विनोदी नाटककारांनी शहाण्या आणि मूर्ख माणसांविषयी काय म्हणून ठेवलंय, ते रोज एकेक लिहीत गेले. आत्तापर्यंत ही वचनं झाली:

‘शहाण्याला एक शब्द पुरे.’ (टेरेन्स)

‘पायापुढचं तेवढं बघणं म्हणजे शहाणपण नव्हे, पुढं काय येणार ते ओळखणं म्हणजे शहाणपण.’ (टेरेन्स)

‘मी माणूस आहे. माणसाचं काहीच मला परकं नाही.’ (टेरेन्स)

‘शंभर विद्वानांचे बेत एकटी दैवदेवता हाणून पाडते.’ (प्लॉटस)

‘मूर्खानं गप्प बसणं हेच त्याचं शहाणपण.’ (पब्लिलियस सायरस)

तिसरं वचन लिहिलं त्या दिवशी नववीतला एक मुलगा फळ्यासमोर थांबला. घरी त्यांचे टॉवेलचे माग आहेत, शाळा सुटली की हाही कांड्या भरायला बसतो. वर्गात फारसा बोलत नाही. तो म्हणाला, “बाई, हे विनोदी नाटकातलं म्हणता ना, मग ह्यात हसायचं कुठं?”

मला त्याला नीट उत्तर द्यायचंय, वेळ मारून न्यायची नाही. ही वाक्यं नाटकात कुणाच्या तोंडी आहेत, कोणत्या प्रसंगात आहेत, हे कुणी सांगू शकेल का? आणि यातला एखादा प्रवेश स्नेहसंमेलनात बसवता येईल का? आम्हाला जेमतेम पाव तास मिळतो. वर्गात निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कानडी, उरलेल्यांच्या घरी मराठी. पाठांतराला सगळी तयार आहेत.

प्रॉम्प्टर

बाई, त्या मुलाला माझी शाबासकी सांगा. नाटक वाचणाऱ्यानं पहिला विचारायचा प्रश्न त्यानं विचारलाय.

मी इथल्या हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, मग दिग्दर्शनाकडे वळलो. हुतात्मा स्मृती मंदिराच्या विंगेत वही घेऊन बसणाऱ्याला वाक्य किती सुंदर आहे याच्याशी काही कर्तव्य नसतं. वाक्य कुणाचं, कुणाला उद्देशून, आणि त्याच्याआधी समोरचा काय बोलला, यावर त्याचं सगळं लक्ष. प्लॉटस आणि टेरेन्स मी इंग्रजी भाषांतरांतून वाचले, तेही या सवयीनंच वाचले. तसं वाचलं की तुमच्या फळ्यावरची वाक्यं भलत्याच माणसांच्या तोंडी सापडतात.

पहिलंच घ्या. ‘शहाण्याला एक शब्द पुरे’ हे टेरेन्सच्या ‘फॉर्मिओ’ नाटकात आहे, इ.स.पू. 161 चं. अँटिफो नावाच्या तरुणाच्या चुलतभावाचा जीव वाद्य वाजवणाऱ्या एका दासीवर जडलाय आणि तिचा मालक तिला दुसऱ्याला विकायला निघालाय. तिला सोडवायला 30 मिना रोख हवेत, म्हणजे 3,000 द्राख्मा, ग्रीकांची चांदीची नाणी. पोरांच्या खिशात दमडी नाही. मग अँटिफो घरच्या गुलामाच्या, गेटाच्या मागं लागतो. गेटा म्हणतो, करतो की, पण पैसे आणू कुठनं तेवढं सांगा. अँटिफो म्हणतो, “बाबा इथंच आहेत.” गेटा म्हणतो, “ते मला ठाऊक आहे. बरं, मग?” आणि अँटिफो म्हणतो, “शहाण्याला एक शब्द पुरे.”

म्हणजे बापाला टोपी घाल! पोरगा ते उघड म्हणत नाही, कारण उघड म्हटलं तर जबाबदारी त्याची. गेटाच्या मात्र क्षणात ध्यानात येतं. तो उलट विचारतो, तुमच्या लग्नाच्या भानगडीत माझी कातडी वाचली तर नशीब, तेवढ्यात आणखी याच्यासाठी मला सुळावर चढायला सांगताय? रोममध्ये अपराधी गुलामाला खरोखरच क्रुसावर चढवत, आणि ते समोरच्या प्रेक्षकाला चांगलं माहीत होतं. हसू येतं ते इथं. एका वाक्यात मालकाच्या पोराचा शहाणपणा आणि गुलामाचा जीव दोन्ही पणाला लागलेत.

तिसरं वाक्य, ‘मी माणूस आहे’ हे, तर जगभर भिंतींवर कोरलं जातं. ते इ.स.पू. 163 च्या नाटकातलं आहे. त्या नाटकाच्या नावाचा अर्थ ‘स्वतःलाच छळणारा’. मेनेडेमस नावाच्या म्हाताऱ्यानं पोराला इतकं टोचून बोलून ठेवलं की पोरगा घर सोडून आशियात शिपाईगिरी करायला गेला. आता हा पश्चात्तापानं दिवसभर शेतात स्वतःला राबवून घेतोय. शेजारी क्रेमीस येतो आणि सल्ले द्यायला लागतो: एवढं कष्ट करू नका, तुमचं वय काय, घरात गडीमाणसं आहेत ती कशाला? मेनेडेमस वैतागून विचारतो, “तुम्हाला स्वतःच्या घरचं एवढं कमी काम आहे का, की दुसऱ्याच्या घरात डोकं घालावं?” त्यावर क्रेमीसचं उत्तर: मी माणूस आहे, माणसाचं काहीच मला परकं नाही.

आणि गंमत पुढं आहे. मेनेडेमसचा पोरगा परत येतो, त्याचं सगळं क्रेमीस हौसेनं हाताळायला घेतो. इकडे त्याचा स्वतःचा पोरगा एका महागड्या बाईच्या नादी लागलाय, ती बाई क्रेमीसच्याच घरात पाहुणी म्हणून जेवतेय, आणि क्रेमीसला वाटतंय की ती शेजाऱ्याच्या पोराची! गुलाम त्याच्याच हातून 10 मिना काढून तिला पोचवतो. शेवटी मेनेडेमस त्याला तोंडावर विचारतो, दुसऱ्यांना सल्ले देता, बाहेर शहाणे असता, आणि स्वतःला मदत करता येत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट नाही का? आपल्याकडे ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ म्हणतात ते हेच. त्याआधी मेनेडेमस एकटाच असताना म्हणतो, मूर्खाला जे जे म्हणतात, ठोकळा, खोड, गाढव, शिशाचा गोळा, ते सगळं मला लागू पडतं, पण क्रेमीसला यातलं काहीच पुरं पडत नाही.

आता दुसरं वाक्य. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुम्हाला बसवायचा प्रवेशही इथंच आहे.

नाटक ‘अडेल्फी’, म्हणजे दोघे भाऊ. इ.स.पू. 160 मध्ये एमिलियस पॉलस या सेनापतीच्या अंत्यविधीनिमित्त जे खेळ झाले त्यात ते पहिल्यांदा झालं. डेमिया आणि मिकिओ हे भाऊ. डेमिया शेतकरी, कडक, पैशाला जपणारा. मिकिओ शहरात राहणारा, बिनलग्नाचा, हात सैल. डेमियाला दोन मुलगे. थोरला त्यानं भावाला दत्तक दिला, धाकटा टेसिफो स्वतःच्या शिस्तीत वाढवला. थोरला बिघडला, धाकटा सोन्यासारखा, असं डेमिया गावभर सांगत असतो. प्रत्यक्षात वाद्य वाजवणाऱ्या एका दासीच्या प्रेमात पडलाय तो धाकटाच. थोरल्यानं भावासाठी तिला तिच्या मालकाच्या घरातून उचलून आणली आणि बदनामी स्वतःवर घेतली.

प्रवेश सुरू होतो तेव्हा मिकिओच्या घराच्या दारात सायरस हा गुलाम उभा आहे. आत मेजवानीची तयारी. तो आतल्या नोकरांना ओरडून सांगतोय, बाकीची मासळी साफ करा, ती मोठी वाम पाण्यात जरा खेळू दे, मी आल्यावर तिचे काटे काढू, खारवलेले मासे चांगले भिजत घाल. डेमिया तिथंच उभा आहे, ते ऐकून तो भावाच्या घरातल्या उधळपट्टीवर तोंड सोडतो. सायरस मान डोलावतो आणि म्हणतो: “डेमिया, ह्याला म्हणतात शहाणपण! पायापुढचं तेवढं बघणं नव्हे, पुढं काय येणार ते ओळखणं.” वर आणखी म्हणतो, तुम्ही म्हणजे नखशिखांत शहाणपण!

हे तुमचं दुसरं वचन. डेमिया ज्या दारासमोर उभा राहून ते ऐकतोय, त्याच दाराच्या आत टेसिफो बसलाय. पुढचं ओळखणाऱ्या माणसाला दाराआडचं माहीत नाही. प्रेक्षकांतल्या शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ते माहीत आहे.

मग सायरस एक थाप मारतो. तुमचा धाकटा आत्ताच इथं येऊन थोरल्याला काय झाडून गेला म्हणता, पैशाचा नाश करतोस, घराण्याला काळिमा लावतोस! डेमियाच्या डोळ्यांत आनंदानं पाणी येतं. तो सांगायला लागतो, मी काहीही सुटू देत नाही, सवय लावतो, मी पोराला सांगतो की आरशात बघावं तसं सगळ्यांच्या आयुष्यात बघ आणि दुसऱ्यांवरून धडा घे. हे कर. हे टाळ. ह्यात नाव होतं. ह्यात नाव जातं. प्रत्येक वाक्यानंतर सायरसचं “वा!”, “बरोबर!”, “हेच तर!” चालूच.

आणि मग सायरस म्हणतो, मीही माझ्या सोबत्यांना असंच शिकवतो बघा. हे खारट झालं. हे करपलं. हे नीट धुतलेलं नाही. ते बरोबर, पुढच्या वेळी असंच कर. आरशात बघावं तसं पातेल्यात बघा म्हणतो!

तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, हसायचं इथं. डेमियाचं वाक्य वाईट आहे का? अजिबात नाही. दुसऱ्याच्या आयुष्यावरून शिकावं हे कुणीही मान्य करेल. पण ते म्हणणारा माणूस स्वतःच्या घराकडे बघत नाही, आणि स्वयंपाकघरातला गुलाम निदान पातेल्यात तरी खरंच बघतो. खारट झालं तर त्याला कळतं. त्याला कळावंच लागतं, नाहीतर फटके. या नाटकांत शहाणपण गुलामाकडे का असतं याचं माझ्या मते हेच कारण आहे: चुकलं तर त्याची किंमत त्याच्या पाठीला मोजावी लागते. आपल्या तमाशातला सोंगाड्या पाटलाला आणि राजाला असाच हो ला हो करत उघडा पाडतो. सायरस त्याच जातकुळीचा.

माझं म्हणणं एवढंच, बाई, की वचनाखाली नुसतं ‘टेरेन्स’ लिहू नका. ‘सायरस, डेमियाला’ असं लिहा. टेरेन्स स्वतः कार्थेजहून गुलाम म्हणून रोममध्ये आलेला माणूस. मालकानं शिक्षण दिलं आणि मुक्त केलं. सहाच नाटकं लिहिली, आणि सहाही टिकली. मालकाशी बोलताना शब्द कसा टाकायचा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

जुनी पानं

प्रॉम्प्टरकाकांचं उत्तर मनापासून आवडलं. पण बाईंच्या यादीतलं शेवटचं वचन वेगळ्या घरातलं आहे, म्हणून लिहिते.

पब्लिलियस सायरस हाही सीरियाहून आणलेला गुलाम, पण खराखुरा, नाटकातलं पात्र नव्हे. तो ‘माइम’ लिहायचा, म्हणजे मुखवट्याशिवाय खेळायचे छोटे विनोदी प्रयोग. ते प्रयोग गेले. त्यांतून वेचलेली एकेका ओळीची वचनं तेवढी उरली, सुमारे 700, अक्षरानुक्रमानं लावलेली. त्यामुळं ‘मूर्खानं गप्प बसणं’ कुणी कुणाला म्हटलं, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. ‘दोषी सुटतो तेव्हा न्यायाधीशाला शिक्षा होते’ हेही त्याचंच. सेनेकासारखा तत्त्वज्ञ त्याची वाक्यं आदरानं उद्धृत करतो, आणि पुढं ती शाळेच्या वाचनात गेली. बाई, म्हणजे फळ्यावर सुविचार म्हणून लिहायची चाल तुम्ही सुरू केलेली नाही, तिला फार जुनी परंपरा आहे.

त्याची एक खरी हकीकत मात्र मुलांना जरूर सांगा. इ.स.पू. 46 मध्ये ज्युलियस सीझरनं खेळ भरवले. लॅबेरियस नावाचा एक साठीचा सरदार दर्जाचा लेखक माइम लिहायचा, पण स्वतः रंगमंचावर येत नसे, कारण नट झालं की तो दर्जा जायचा. सीझरनं त्याला पब्लिलियससमोर उभं राहून खेळायला भाग पाडलं. लॅबेरियस म्हणाला, साठ वर्षं डाग न लागता जगलो, आज घरातून सरदार म्हणून निघालो, परतेन तो नकल्या म्हणून. आणि मग सीझर समोर बसलेला असताना त्यानं एक ओळ टाकली: ‘ज्याला पुष्कळ लोक भितात, त्याला पुष्कळांना भ्यावं लागतं.’ सगळं प्रेक्षागृह वळून सीझरकडे बघायला लागलं. सीझरनं विजय पब्लिलियसला दिला. लॅबेरियसला 5,00,000 सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, आणि सोन्याची अंगठी दिली, म्हणजे गेलेला दर्जा परत.

इथं काकांचं सूत्र तंतोतंत लागू पडतं. ती ओळ नुसती वाचली तर साधी आहे. कुणासमोर म्हटली हे कळलं की अंगावर काटा येतो.

सुताचा व्यापारी

मी नाटकातला माणूस नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादर-टॉवेलवाल्यांना सूत पुरवतो. पण चौथ्या वचनासाठी लिहायला बसलोय, कारण त्याच्याबद्दल काका काहीच बोलले नाहीत, आणि मला ते सगळ्यात खरं वाटतं.

ते प्लॉटसच्या ‘स्यूडोलस’ नाटकातलं आहे ना? मी मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात तो भाग वाचलाय. तिथं शंभर विद्वानांच्या ओळीनंतर तो गुलाम आणखी पुढं बोलतो. एखाद्याचा बेत जमला की आपण म्हणतो काय हुशार माणूस, फसला की म्हणतो काय मूर्ख. आणि आपण मूर्ख लोक एखाद्या गोष्टीच्या मागं हावऱ्यासारखे धावतो, तेव्हा आपण कसे फसतोय ते आपल्याला कळतच नाही.

आता आमच्या धंद्यातलं बघा की. एका कारखानदारानं दर चढायच्या आधी सुताचा साठा करून ठेवला. महिनाभर पेठेत त्याच्या नावाचा डंका. लोक चहा पाजून विचारायचे, मालक, आता घेऊ का थांबू? पुढच्या खेपेला त्यानं तसाच साठा केला आणि दर पडला. माणूस तोच, डोकं तेच, हिशोबाची वही पण तीच. तेच लोक म्हणाले, अक्कल गहाण टाकली होती काय ओ? मी दोन्ही वेळेला त्याच्या गोडाऊनमध्ये होतो. दुसऱ्या खेपेचा हिशोब पहिल्यापेक्षा जास्त विचार करून केलेला होता, हे मी स्वतः बघितलंय.

तेव्हा काका, तुमचं ‘कुणी म्हटलं ते बघा’ मला पटतं. पण हे वाक्य कुणीही म्हटलं तरी खरंच आहे. बाई, हे फळ्यावर नावासकट, नावाशिवाय, कसंही लिहा. आमच्या पोरांना लहानपणीच कळू द्या.

प्रॉम्प्टर

व्यापारीसाहेब, तुम्ही जे सांगितलंत ते त्या स्वगताच्या अगदी गाभ्यातलं आहे. मी फक्त प्रसंग जोडतो, त्यानं तुमचं म्हणणं आणखी घट्ट होईल.

हे नाटक इ.स.पू. 191 मध्ये पॅलाटाइन टेकडीवर महामातेच्या देवळाच्या प्रतिष्ठापनेला झालं. मालकाच्या पोराची आवडती मुलगी 20 मिनांना एका शिपाईगड्याला विकली गेलीय. 15 दिले, 5 बाकी. ते 5 आणि शिक्क्याचं पत्र घेऊन त्याचा माणूस येईल आणि मुलगी घेऊन जाईल. पोराच्या घरच्या गुलामानं, स्यूडोलसनं, ती सोडवायचा विडा उचललाय, डोक्यात फौजफाट्यासारखे बेत रचलेत. आणि त्याच वेळी शिपायाचा माणूस स्वतःच्या पायानं त्याच्यासमोर येऊन उभा राहतो! स्यूडोलस बेधडक सांगतो, मी मुलगी विकणाऱ्याच्या घरचा कारभारी, आण ते पत्र. पैसे मिळत नाहीत, पण पत्र हातात पडतं. मग एकटा राहिल्यावर तो म्हणतो ते तुमचं वाक्य. म्हणजे हे हरलेल्याचं रडगाणं नाही. जिंकत असलेला माणूस म्हणतोय की माझे सगळे बेत बाजूला राहिले आणि दैवानं काम केलं. तुमचा कारखानदार पहिल्या खेपेला, दर चढलेले असताना असं म्हणाला असता तर?

असं म्हणणारा माणूस मला प्रत्यक्षात फार क्वचित भेटलाय. उलटा नमुना प्लॉटसच्याच ‘बॅकिडीस’मध्ये आहे. निकोब्युलस नावाच्या म्हाताऱ्याला घरच्या गुलामानं दोन हप्त्यांत 400 सोन्याच्या नाण्यांना बुडवलं. कळल्यावर तो भर रस्त्यात म्हणतो, जगात आजवर झालेले, आज असलेले आणि पुढं होणारे जेवढे म्हणून मूर्ख, बावळट, ठोंबे, अळंब्या आहेत, त्या सगळ्यांना मी एकटा मागं टाकतो. स्वतःला इतकं स्वच्छ ओळखणारा माणूस, आणि थोड्याच वेळात ज्या घरातून पोराला ओढून आणायला आला त्याच घरात स्वतः जेवायला जाऊन बसतो. प्लॉटस त्याला सुधारत नाही.

फळ्यावरच्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मधल्या सुट्टीत त्या मुलाला आणि आणखी काहींना बसवून ‘आरसा आणि पातेलं’ वाचून दाखवलं. डेमिया कोण होणार यावरून भांडण झालं, सायरस व्हायला तर रांगच लागली.

मुलांनी लगेच जेवण बदललं. मासे काढून शेंगांची आमटी आणि कडक भाकरी आणली. सायरस आतल्यांना ओरडून सांगतो ते तेलुगूत, डेमियाशी बोलतो ते मराठीत. हे त्यांनी स्वतःच ठरवलं. पूर्व भागात घरात एक भाषा, दारात दुसरी, ही त्यांची रोजची सवय आहे. मला ते फार योग्य वाटलं, कारण डेमियाला आतलं कळत नाही हे प्रेक्षकांना आपोआप दिसेल.

काका, दोन अडचणी. पाव तासाला हा एक प्रवेश कमी पडतो, याला जोडून दुसरं काय घेऊ? आणि त्या दासीचं काय करू? नववीच्या मुलांसमोर विकत घेतलेली मुलगी हा विषय येतो. मला तो लपवायचा नाही, पण हसण्यावारी पण न्यायचा नाही.

प्रॉम्प्टर

तेलुगू-मराठीची कल्पना फारच सुंदर. तिला हात लावू नका.

दासीचं आधी. लपवू नका. प्रवेशाच्या आधी एका विद्यार्थ्याला पुढं येऊन दोन वाक्यांत सांगू दे: या गावात माणसं विकली जातात. आत जी मुलगी आहे ती विकली गेलेली आहे, आणि तुमच्याशी बोलणारा सायरसही. नाटकात त्या मुलीला एक शब्दही बोलायला दिलेला नाही, हेही सांगू दे. मग प्रवेश सुरू करा. मुलं हसायची तिथं हसतीलच, आणि कोण कुणाचा मालक आहे हे त्यांना ठाऊक असेल.

दुसरा प्रवेश त्याच नाटकात तयार आहे. डेमिया भावाला शोधत परत येतो. टेसिफो आतच, म्हणून सायरसला त्याला दारापासून लांब पाठवायचंय. तो पत्ता सांगायला लागतो: मंडईजवळची ती ओसरी माहीत आहे? तिथून वर जा, मग उतार लागेल, खाली या, तिथं एक छोटं देऊळ, शेजारी बोळ, जिथं रानअंजिराचं मोठं झाड आहे. त्या बोळातून जा. डेमिया म्हणतो, “अरे, पण त्या बोळाला पलीकडं वाटच नाही!” सायरस म्हणतो, खरंच की, चला, परत ओसरीपासून सांगतो, हा रस्ता जवळचा आहे. मग श्रीमंताचं घर, डावीकडे वळा, डायनाचं देऊळ, वेशीच्या अलीकडं तळ्याकाठी एक गिरणी, समोर सुताराचा कारखाना. तिथं तुमचे भाऊ ओक लाकडाच्या पायांचे बाक करून घ्यायला गेलेत. डेमिया निघतो.

याला आपलं गाव द्या. कोंतम चौक, कन्ना चौक, बाळी वेस, कस्तुरबा मंडई, कंबर तलाव, जे मुलांच्या पायाखालचं आहे ते. पत्ता खोटाच असायला हवा, पण प्रत्येक खूण खरी असू द्या. पूर्व भागातला ज्याच्या पलीकडं वाट नाही असा एखादा बोळ मुलांनीच सुचवावा. प्रेक्षकांत बसलेले पालक तिथंच ओरडून सांगतील की वाट नाही.

‘शहाणपण म्हणजे पुढचं ओळखणं’ हे वाक्य पहिल्या प्रवेशात सायरसनं एकदाच म्हणू दे, गंभीरपणे, अजिबात डोळे न मिचकावता. शाळेतल्या मुलांना प्रेक्षकांकडे बघून हसायची फार घाई असते. हा सायरस डेमियाकडेच बघणारा हवा, कारण पकडला गेला तर फटके त्याला बसणार आहेत.

डेमिया परत येतो ते वाक्य टेरेन्सनं असं लिहिलंय: चालून चालून थकलो, सायरस, तुला आणि तुझ्या पत्त्याला देव खड्ड्यात घालो, सगळं गाव पालथं घातलं, वेस, तळं, कुठं नाही गेलो, आणि तिथं कारखानाच नाही! डेमियाला विंगेतून आणू नका. हॉलच्या मागच्या दारातून, खुर्च्यांमधल्या वाटेनं, पालकांना “हितं कारखाना कुठं आहे ओ?” विचारत येऊ दे. तालमीला मैदानाच्या टोकापासून चालत यायला लावा, म्हणजे धाप खरी लागेल आणि आवाज कुठं तुटतो ते त्याला कळेल. संहिता उतरवून झाली की इथं टाका, मी वाक्यांच्या जागा बघून देतो.